उभ्या चौकटींतील एक मिनिट

सध्यां दोन-तीन पिढ्या ज्या घरांत एकत्र नांदत आहेत, तेथें रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर बहुधा एकच देखावा दृष्टीस पडतो. कोणी पलंगावर, कोणी झोपाळ्यावर बसून मोबाइल उभा धरतो आणि अंगठ्यानें एकामागून एक लहान चलच्चित्रें वर सारीत असतो. कोणी त्यांना 'रील' म्हणतात, कोणी 'शॉर्ट'. या छंदापायीं किती वेळ वायां जातो, अभ्यास कसा बुडतो, याविषयीं घरोघर पुष्कळ बोललें जातें, आणि तें खोटेंही नाहीं. परंतु पाहणारांची काळजी वाहतांना करणारांचा विचार मागें पडतो. हीं चित्रें कोणीतरी करतो, म्हणूनच तीं पाहिलीं जातात. तीं कोणीं करावीं, कशीं करावीं आणि करतांना कशाला नकार द्यावा, हा प्रश्न आतां पुष्कळ सुविद्य घरांत उभा राहिला आहे. कारण सून, मुलगी किंवा नातू यांपैकीं कोणीतरी "आपणही एखादें करूं या" असें म्हणूं लागलें आहे. त्या प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

कित्येक वडील मंडळींस वाटतें कीं, जें एका मिनिटांत सांगतां येतें तें सांगण्याच्या योग्यतेचेंच नसावें. संस्कृताशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांनीं तरी हा आक्षेप घेऊं नये. आपलीं शास्त्रें सूत्रांत बांधलेलीं आहेत. पाणिनीनें सारें व्याकरण सुमारें चार हजार सूत्रांत बसविलें, आणि त्यांतील कित्येक सूत्रें दोन-तीन शब्दांचींच आहेत. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माइतका आनंद होतो, असें विद्यार्थिदशेंत आम्ही ऐकत आलों. मात्र सूत्राचें लक्षण सांगतांना जुन्या पंडितांनीं नुसत्या आंखूडपणावर समाधान मानलें नाहीं. अर्थ निःसंदिग्ध हवा, त्यांत सार हवें, एकही अक्षर निरर्थक नको, असें त्यांनीं बजावलें. थोडक्यांत बोलणें आणि अर्धवट बोलणें यांतील भेद तो हाच.

चलच्चित्राचा जन्मही मिनिटाच्या आंतच झालेला आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चित्रें भारतांत प्रथम दाखविलीं गेलीं. स्थानकांत शिरणारी आगगाडी, कारखान्यांतून बाहेर पडणारे कामगार, असे साधे विषय. आणि एकेक चित्र पुरतें मिनिटभरही चालत नसे, कारण त्या यंत्रांत फीतच तेवढी मावे.

दादासाहेब फाळक्यांचें उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत कॉरोनेशन थिएटरांत लागला, हें सर्वांस ठाऊक असतें. पण त्याच्या आदल्या वर्षीं त्यांनीं केलेलें एक इवलेंसें चित्र फार थोड्यांना आठवतें. कुंडींत वाटाणा पेरून त्यासमोर त्यांनीं कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक दिवस थोडें थोडें चित्रण केलें. पडद्यावर तें रोप बघतां बघतां उगवून वर आलें. तें पाहून द्रव्यसाह्य करणाराचा विश्वास बसला. पुढें 'हरिश्चंद्रा'च्या वेळीं सरस्वतीबाई फाळके फितीस भोंकें पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत राबल्या, आणि मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. भारतीय चित्रपटाचा आरंभ असा एका संस्कृतज्ञाच्या मुलाच्या घरांत, घरच्या माणसांच्या हातांनीं झाला. तेव्हां लहान चित्र करणें हें घरंदाज माणसाच्या इभ्रतीस उणेपणा आणणारें आहे, असें निदान आपण तरी म्हणूं नये.

आतां आजच्या रूपाकडे वळूं. यूट्यूबवर पहिलें चित्र २३ एप्रिल २००५ रोजीं चढलें; तें अवघ्या एकोणीस सेकंदांचें होतें, पण चौकट आडवी होती. पुढें मोबाइल हाच पडदा झाला, तो एका हातानें उभा धरला जाऊं लागला, आणि चौकटही उभी झाली. चिनी कंपनीच्या टिकटॉकनें ही तऱ्हा खेडोपाडीं पोहोंचविली. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें त्यावर बंदी घातली. लगोलग जुलैंत इन्स्टाग्रामनें येथें रील सुरू केलें, आणि सप्टेंबरांत यूट्यूबनें आपल्या शॉर्टची पहिली परीक्षा भारतांतच घेतली. प्रारंभीं पंधरा सेकंदांची किंवा मिनिटाची असलेली मर्यादा वाढत गेली. ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबवर आणि जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामवर अशीं चित्रें तीन मिनिटांचीं असलीं तरी चालतात. चालतात, याचा अर्थ तेवढीं लांब असावीं असा नव्हे.

यांतील एक गोष्ट वडील मंडळींनीं नीट समजून घेतली पाहिजे. पूर्वीं लेखकास वाचक मिळत ते मासिकाच्या वर्गणीदारांतून. येथें तसें नाहीं. आपला अनुयायी नसलेल्या, आपलें नांवही न ऐकलेल्या माणसापुढें हें यंत्र आपलें चित्र ठेवतें, आणि तो काय करतो तें टिपून घेतें. तो थांबला कीं पुढें गेला? शेवटपर्यंत राहिला कीं मध्येंच उठला? पुन्हां पाहिलें काय? दुसऱ्यास पाठविलें काय? उत्तरें अनुकूल आलीं तर तें चित्र आणखी लोकांपुढें जातें; प्रतिकूल आलीं तर तेथेंच विरतें. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनीं २०२५ च्या आरंभीं तीन खुणा विशेष महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: पाहण्यांत गेलेला वेळ, मिळालेली पसंती आणि दुसऱ्यास पाठविण्याचें प्रमाण. तात्पर्य, हें यंत्र विद्वत्ता मोजीत नाहीं, खरेंखोटें पारखीत नाहीं. नजर थांबली कीं नाहीं एवढेंच पाहतें.

आणि खरा धोका येथेंच आहे. ज्याला विषय ठाऊक नाहीं पण नजर थांबवितां येते, त्याचें लाखों लोक ऐकतात. ज्याचा जन्म त्या विषयांत गेला आहे तो "हें आपलें काम नव्हे" म्हणून गप्प बसतो. मग मधुमेहावर घरगुती काढा सांगणारा, व्रताचें भलतेंच कारण सांगणारा, श्लोकाचा सोयीस्कर अर्थ लावणारा हाच घरांतील मुलांचा गुरु होतो. जाणत्यांनीं पाठ फिरविल्यानें हें माध्यम ओस पडत नाहीं. तें अजाणत्यांच्या स्वाधीन होतें.

कसें करावें, हें उपदेशापेक्षां उदाहरणानें अधिक कळेल. आमच्या वहिनींचें वय आज पंचाहत्तर आहे आणि उकडीच्या मोदकांत त्यांचा हात धरणारें आमच्या नात्यांत कोणी नाहीं. धाकट्या सूनबाईनें त्यांची कृति चित्रित करावयाचें मनांत घेतलें, तेव्हां वहिनींनीं प्रथम साफ नाकारलें.

"अगं, या वयांत माझें तोंड चार लोकांना कशाला दाखवायचें?"

"काकू, तोंड नको. नुसते हात द्या," सूनबाई म्हणाली.

या एका वाक्यांत घरांतील अर्धा वाद मिटला, आणि चित्राचें अर्धें शास्त्रही साधलें. उभ्या चौकटींत लग्नाची पंगत मावत नाहीं. पण दोन हात, एक परात, एखादें अक्षर फार शोभून दिसतें. पहिल्या चित्रांत नारळ खवण्यापासून मोदक वाफवून काढीपर्यंत सारें तीन मिनिटांत कोंबलें होतें. तें शंभर-सव्वाशे लोकांपुढें गेलें आणि बहुतेक विसाव्या सेकंदाच्या आंतच निघून गेले. कोणत्या क्षणीं किती जण उरले, याची एक रेघ करणारास दाखविली जाते. ती पाहून आम्हांला आमचा वर्ग आठवला. विद्यार्थ्यांचे डोळे खिडकीकडे वळले कीं मास्तर समजतो. येथें ती खिडकी रेघेच्या उतारांत दिसते. सारा धडा एका तासांत उरकूं पाहणाऱ्या शिक्षकाची जी गत होते, तीच त्या चित्राची झाली होती.

मग विषयाचे तुकडे केले. एकांत फक्त उकड: जितकें तांदळाचें पीठ तितकेंच पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, आणि एक दणदणीत वाफ. दुसऱ्यांत मळणें. तिसऱ्यांत एकच प्रश्न, कळी कां फाटते? त्याचा आरंभ नमस्कारानें केला नाहीं, नांवगांवानें केला नाहीं. तळहातावर फाटलेला मोदक, आणि वहिनींचा आवाज: "हा फाटला. कां फाटला, सांगते." पुढें कारण. उकड ऊन असतांना मळली नाहीं, ती कोरडी राहिली. पारीची कड जाड आणि मध्य पातळ झाला, हवें होतें नेमकें उलट. मग बरोबर पारी, जवळ जवळ पाडलेल्या कळ्या, त्या वर गोळा करून मिटलेलें तोंड. सारें बेचाळीस सेकंदांत संपलें. गणेशचतुर्थीच्या आठवड्यांत तें चित्र लाखाहून अधिक लोकांपर्यंत गेलें. परदेशांतून एका मुलीनें लिहिलें कीं, आई गेल्यापासून या घरांत प्रथमच मोदक उभे राहिले. वहिनींनीं तो मजकूर सूनबाईकडून दोनदां वाचून घेतला आणि कांहीं न बोलतां पुन्हां परातीकडे वळल्या.

या अनुभवांतून जे नियम हातीं आले ते येथें देतों. पहिला, एका चित्रांत एकच गोष्ट. ती एका वाक्यांत लिहितां येत नसेल तर कॅमेरा हातीं घेऊं नये. दुसरा, आरंभींच्या दोन-तीन सेकंदांत पाहणारास त्याची स्वतःची अडचण दिसली पाहिजे. आपली ओळख मागाहून करून देतां येते. तिसरा, बोलणें आधीं लिहून काढावें. सावकाश आणि स्पष्ट बोलणारा मनुष्य मिनिटांत सव्वाशेच्या आसपास शब्द बोलतो, असें आमचें वर्गांतील मोजमाप आहे. तेव्हां मिनिटाच्या चित्रास सव्वाशे शब्द लिहावे आणि त्यांतील पंचवीस खोडावे. जें खोडतांना अर्थ बिघडत नाहीं, तें मुळांतच नको होतें. चौथा, सांगून झालें कीं थांबावें. आभारप्रदर्शन सभेंत शोभतें. येथें त्यापूर्वींच श्रोते उठलेले असतात.

साधनांविषयीं थोडेंसें. चौकट नऊ रुंद आणि सोळा उंच, या प्रमाणांत असावी. मोबाइल उभा धरला कीं ती आपोआप मिळते. खिडकी वस्तूच्या समोर किंवा बाजूस ठेवावी, पाठीमागें ठेवल्यास हात काळे दिसतात. पंखा बंद, कुकर उतरलेला, आणि मोबाइल बोलणाराच्या शक्य तितका जवळ. अंधुक चित्र लोक सोसतात, पण न कळणारा आवाज सोसत नाहींत. चौकटीच्या तळाशीं आणि उजव्या कडेस नांवें व चिन्हें उमटतात, म्हणून महत्त्वाची वस्तु मधोमध धरावी. आवाज बंद ठेवून पाहणारेही पुष्कळ असतात. त्यांच्यासाठीं बोललेले शब्द खालीं ठळक देवनागरींत द्यावे. यंत्र हे शब्द आपण होऊन लिहून देतें, परंतु ऱ्हस्वदीर्घाची त्याला चाड नसते. तेवढें तपासण्याचें काम घरांतील आजोबांकडे सोंपवावें. त्यांनाही बरें वाटतें आणि भाषेचीही अब्रू राहते.

आतां नकाराविषयीं. आमच्या मतें सारें महत्त्व याच भागास आहे. कारण नजर कशी थांबवावी हें कोणीही शिकेल, पण थांबलेल्या नजरेपुढें काय ठेवूं नये हें घरच्या वळणावरच अवलंबून असतें. वहिनींचें तें चित्र गाजल्यावर एका पीठविक्यानें निरोप पाठविला कीं, आमच्याच पिठाचे मोदक फाटत नाहींत एवढें बोला, योग्य तो मोबदला देऊं. घरांत दोन मतें पडलीं. रक्कम अगदींच लहान नव्हती आणि नातवाच्या शिक्षणाचा खर्च समोर होता. वहिनींनीं आम्हांलाच विचारलें, "भावोजी, ज्या पिठाचा मोदक मी कधीं वळला नाहीं, त्याची साक्ष कशी देऊं?" यावर कोणापाशींच उत्तर नव्हतें. वापरलेल्या वस्तूची शिफारस मोबदला घेऊन करणें हा गुन्हा नव्हे. मात्र मोबदला घेतल्याचें स्पष्ट सांगावें, असा दंडक केंद्र सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें घालून दिला आहे. न वापरलेल्या वस्तूची शिफारस मात्र कोणत्याही दंडकाच्या पूर्वींपासून असत्यच आहे.

दुसरा नकार मुलांच्या बाबतींत. स्नान करणारें बाळ, रडणारी नात, परीक्षेंत नापास झालेला मुलगा, हीं दृश्यें नजर थांबवितात खरीं; पण त्या मुलाची संमति कोठें आहे? आज गंमत म्हणून चढविलेलें चित्र दहा वर्षांनीं त्याचे सोबती त्याला दाखवितील. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, दारावरची पाटी हींही चौकटीबाहेर ठेवावीं. तिसरा नकार परक्याच्या मालास. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणें साहित्यकृतीवरील हक्क कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षें टिकतो. तुकोबांचा अभंग कोणीही म्हणावा. परंतु नामवंत गायकाची ध्वनिमुद्रिका विचारल्याशिवाय आपल्या चित्राखालीं जोडूं नये. चौथा नकार भांडणास. चित्राखालीं कोणी वाह्यात लिहितो, विशेषतः स्त्रियांविषयीं. त्याला उत्तर देत बसूं नये; तो मजकूर पुसावा, त्या इसमास रोखावें, आणि घरांतील पुरुषांनीं हें काम सुनेवर एकटीवर टाकूं नये.

पैशाविषयीं भाबड्या कल्पना नकोत. १ फेब्रुवारी २०२३ पासून यूट्यूब शॉर्टच्या जाहिरातींच्या उत्पन्नांतील, करणारांच्या वांट्यास येणाऱ्या रकमेचे पंचेचाळीस टक्के देतें. पण त्यासाठीं एक हजार वर्गणीदार आणि नव्वद दिवसांत शॉर्टचीं एक कोटि दर्शनें, अशी पात्रतेची एक कसोटी आहे. शिवाय दर्शन कशाला म्हणावें, हेंही मालकाच्या हातीं. ३१ मार्च २०२५ पासून तेथें शॉर्ट सुरू झालें कीं तें दर्शन धरलें जातें. त्यापूर्वीं थोडा वेळ तरी पाहावें लागे. म्हणजे एका रात्रींत आंकडे फुगले, विद्या होती तेवढीच राहिली. टिकटॉकच्या बंदीनें तर असंख्य हौशी कलावंतांचा श्रोतृवर्ग एका दिवसांत नाहींसा झाला. हीं सारीं भाड्याचीं बिऱ्हाडें आहेत. तेथें राहावें, स्वच्छ राहावें, पण घराचीं दागदागिन्यांची पेटी तेथें ठेवूं नये. प्रत्येक चित्राची मूळ प्रत आपल्यापाशीं जपावी, आणि एखाद्या वहींत ती कृति, तो श्लोक, तें अक्षर सविस्तर लिहून ठेवावें. मिनिटाचें चित्र हें सूत्र आहे. त्यावरचें भाष्य घरांत असलें पाहिजे.

कोणी विचारील कीं, इतका खटाटोप करून पदरीं काय पडणार? आम्ही एवढेंच म्हणूं कीं, ज्ञान हातांत असतें तोंवरच तें दाखवितां येतें. मोडी लिहितांना आधीं ओळभर शिरोरेघ ओढून मग तिच्याखालीं लेखणी न उचलतां अक्षरें कशीं गुंफीत जातात, हें छापील पुस्तकांत वाचून कळत नाहीं. लिहिणारा हात पाहावा लागतो. गोधडीचा टाका, भुजंगप्रयाताची चाल, कैरीच्या लोणच्याचा मसाला कधीं कालवावा याचा अंदाज, हीं सर्व हातावाटे आणि कानावाटे जाणारीं धनें आहेत. पूर्वीं तीं एकाच छपराखालीं आजीकडून नातीकडे जात. आतां नात पुण्यांत नसून बंगळुरास किंवा सातासमुद्रांपलीकडे असते, आणि तिच्या हातांत मोबाइल असतो.

तेव्हां येत्या सुटींत घरच्या मंडळींनीं एक करून पाहावें. घरांतील सर्वांत वडील माणसाला विचारावें कीं, तुम्हांला हातानें असें काय येतें, जें आम्हांला येत नाहीं? पहिलें उत्तर "छे, मला काय येतें!" असेंच मिळेल. दुसऱ्यांदा विचारावें. उत्तर आलें कीं खिडकीजवळ पाट मांडावा, पंखा बंद करावा, आणि मोबाइल उभा धरावा. लाख लोकांनीं पाहिलें तर आनंदच आहे. घरांतील एका मुलानें शिकून घेतलें, तरी त्या मिनिटाचें चीज झालें.